‘ड्रॉ’ म्हणजे ओढणे, मग त्यात चित्र कुठून आलं?

प्रश्न असा आहे: ‘आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. ‘ड्रॉ’ या शब्दापाशी दरवर्षी अडते. चित्र काढणे, ओढणे, पैसे काढणे, सामना बरोबरीत सुटणे, जवळ येणे… हा एकच शब्द आहे, की दिसायला सारखे असलेले चार-पाच वेगळे शब्द? दिवाणखान्याला ‘ड्रॉइंग रूम’ का म्हणतात, तिथे कोण चित्रं काढतं? आणि ‘शी ड्रू द कर्टन्स’ म्हणजे तिने पडदे उघडले की लावले?’

मी गेली तीसेक वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करतो आहे आणि या शब्दाने मलाही भरपूर छळलं आहे. शब्द एकच आहे. मूळ अर्थही एकच: ओढणे. बाकीचे सगळे अर्थ त्या ओढण्यातूनच निघाले आहेत आणि त्यातले बहुतेक मुलांना पाठ करायची गरज नाही, कारण मराठीत आपण नेमका तोच प्रवास करून बसलो आहोत.

‘काढणे’ हे आपलं क्रियापद घ्या. विहिरीतून पाणी काढतो. बोटातून काटा काढतो. तपासणीसाठी रक्त काढतात. खात्यातून पैसे काढतो, पगार काढतो, चिठ्ठी काढतो, म्यानातून तलवार काढतो, निष्कर्ष काढतो आणि चित्रही काढतो. यातल्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘ड्रॉ’ चालतं. पाण्याला, रक्ताला, पैशाला, पगाराला, चिठ्ठीला, तलवारीला, निष्कर्षाला, चित्राला. गंमत इथे संपत नाही. पाली भाषेत ‘कड्ढति’ आणि प्राकृतात ‘कड्ढइ’ म्हणजे ओढणे, खेचणे. आपलं ‘काढणे’ त्यांच्याच वंशातलं. म्हणजे दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, ओढण्याच्या शब्दावर चित्राचा आणि पैशाचा भार टाकला. मुलांना ‘ड्रॉ म्हणजे काढणे’ एवढं सांगितलं तरी निम्मी लढाई जिंकली. (जाता जाता: औषधी काढ्याचा या ‘काढणे’शी संबंध नाही. तो ‘क्वाथ’मधून आला, कढी आणि कढणे यांच्या घरातला. दिसायला सारखे शब्द कसे फसवतात याचा हा घरचाच नमुना.)

आता मूळ शब्दाकडे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे सुमारे 1100 पर्यंतच्या इंग्रजीत, हे क्रियापद ‘ड्रागान’ असं होतं. त्यातला ‘ग’ आपल्या ‘ग’सारखा ठाम नव्हता. उर्दू बोलणारा माणूस ‘ग़ज़ल’ म्हणताना घशात घासून जो ‘ग’ काढतो, तसा होता. असा सैल ‘ग’ दोन स्वरांच्या मध्ये टिकत नाही. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत तो विरघळून ‘व’ झाला आणि ‘ड्रागान’चं ‘ड्रॉवेन’, मग ‘ड्रॉ’ झालं. स्पेलिंगच्या शेवटी जो डब्ल्यू उगाच बसल्यासारखा वाटतो, तो या हरवलेल्या ‘ग’चं थडगं आहे.

ही एकट्या ‘ड्रॉ’ची कहाणी नाही. जर्मन भाषेने बऱ्याच ठिकाणी तो ‘ग’ जपला आहे, त्यामुळे शेजारी शेजारी ठेवलं की लगेच दिसतं. इंग्रजी ‘बो’, म्हणजे धनुष्य, जर्मनमध्ये ‘बोगेन’. ‘फॉलो’ला ‘फोल्गेन’. उद्याच्या ‘टुमॉरो’मधल्या ‘मॉरो’ला ‘मोर्गेन’. दुःखाच्या ‘सॉरो’ला ‘झोर्गे’. कायद्याच्या ‘लॉ’चं जुनं इंग्रजी रूप तर चक्क ‘लागु’ होतं. आपल्या ‘लागू’शी त्याचा काडीचाही संबंध नाही, पण ‘कायदा लागू झाला’ हे वाक्य वाचताना मला अजूनही हसू येतं.

‘ड्रागान’चा जर्मन भाऊ आहे ‘ट्रागेन’, पण त्याचा अर्थ आता ओढणे असा नाही, वाहून नेणे असा आहे. डच ‘ड्रागेन’चंही तेच. ओझं ओढत नेता नेता कधीतरी ते उचलून नेणं झालं असावं. इंग्रजी मात्र ओढण्यालाच चिकटून राहिली.

आणि ‘ड्रॅग’? तो ‘ड्रॉ’चा सख्खा भाऊच, फक्त ‘ग’ न गमावलेला. इंग्लंडच्या उत्तर भागात स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांची वस्ती होती आणि त्यांच्या भाषेत हेच क्रियापद ‘ड्रागा’ असं होतं. ‘ड्रॅग’ त्यांच्याकडून आला किंवा उत्तरेकडच्या बोलीत जुना ‘ग’ तसाच राहिला, दोन्ही शक्यता मांडल्या जातात. पंधराव्या शतकापासून तो लिखाणात दिसतो. एकाच शब्दाची दोन रूपं भाषेत राहिली की ती कामं वाटून घेतात, तसं इथेही झालं. ‘ड्रॅग’कडे आलं जड, जमिनीला घासत, नकोसं ओढणं. ‘ड्रॉ’कडे राहिलं सहज, एका रेषेत, बिनघर्षणाचं ओढणं. पोतं ‘ड्रॅग’ करतात, पडदा ‘ड्रॉ’ करतात. संगणकावर फाइल सरकवायलाही ‘ड्रॅग’च म्हणतात, खरं तर तिथे वजन काहीच नसतं. सिगरेटच्या झुरक्यासाठी मात्र दोन्ही शब्द चालतात, आणि आपणही विडी ओढतोच की.

चित्राचं कोडं याच ‘एका रेषेत’ ओढण्यात सुटतं. लेखणीचं किंवा कोळशाचं टोक पृष्ठभागावर टेकवून ओढलं की मागे रेघ राहते. मराठीत आपण अजूनही ‘रेघ ओढ’ म्हणतो. ‘रेघ लिही’ म्हणत नाही. 1200च्या आसपास इंग्रजीत ‘ड्रॉ’ला हा अर्थ चिकटला: आधी रेघ, मग रेघांची आकृती, मग चित्र. म्हणूनच इंग्रजी ‘ड्रॉ’ अजूनही रेघांपुरतं मर्यादित आहे. पेन्सिलीने ‘ड्रॉ’, ब्रशने ‘पेंट’. आपलं ‘काढणे’ दोन्हीकडे चालतं, त्यामुळे मराठी मुलं तैलचित्रालाही ‘ड्रॉ’ लावतात. फोटोच्या बाबतीत वाटा आणखी फुटतात. आपण चित्राच्या सवयीने फोटोही ‘काढतो’, इंग्रजी तो ‘टेक’ करते, म्हणजे घेते. ‘आय ड्रू अ फोटो’ हे मराठी मुलाचं वाक्य चुकीचं आहे, पण ते कुठून आलं ते कळलं की राग येत नाही.

आता या घराण्यातला माझा सगळ्यात लाडका सदस्य: ‘ड्राफ्ट’. ‘ड्रॉ’ या क्रियेचं नाम, म्हणजे ‘ओढ’ किंवा ‘ओढणी’सारखं काहीतरी. याचं जुनं स्पेलिंग जी-एच घालून होतं आणि त्या जी-एचचा उच्चार ‘लाफ’ किंवा ‘कफ’मध्ये होतो तसा ‘फ’ झाला. पुढे कोणी उच्चाराप्रमाणे साधं एफ घालून लिहू लागलं आणि एकाच शब्दाची दोन स्पेलिंग झाली. अमेरिकेत सगळीकडे एफ चालतो. ब्रिटनमध्ये हिशोब वेगळा: मसुदा आणि बँकेचा ड्राफ्ट एफने, पण पिंपातून काढलेली बिअर, खिडकीतून येणारी गार झुळूक, जहाजाची पाण्यातली खोली आणि ओढकामाची जनावरं जी-एचने.

एवढ्या वेगळ्या गोष्टी एका नावाखाली कशा? प्रत्येकीत काय ओढलं जातं ते बघा. पिंपातून बिअर ओढून काढतात. एका दमात घशाखाली ओढलेला घोटही ‘ड्राफ्ट’. धुराडं हवा वर ओढतं, तो प्रवाह ‘ड्राफ्ट’, आणि चूल नीट पेटली की ‘चिमनी ड्रॉज वेल’ म्हणतात. बैल नांगर ओढतो. मसुद्यात आधी रेघा ओढून आराखडा करायचे, मग शब्दांचा आराखडाही तोच झाला. बँकेचा ड्राफ्ट म्हणजे एका खात्यावरून रक्कम ओढायचा लेखी आदेश, आणि शिल्लक असेल त्यापेक्षा जास्त ओढली तर ‘ओव्हरड्राफ्ट’. सोंगट्यांच्या ज्या खेळाला अमेरिकन ‘चेकर्स’ म्हणतात त्याला ब्रिटिश ‘ड्राफ्ट्स’ म्हणतात, कारण पटावरच्या चालीला पूर्वी ‘ड्राफ्ट’ म्हणत. सोंगटी ओढायची, म्हणजे सरकवायची.

सक्तीच्या लष्करभरतीलाही अमेरिकेत ‘ड्राफ्ट’च म्हणतात: लोकांमधून माणसं ओढून काढणं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, 1 डिसेंबर 1969 रोजी, कोणाला आधी बोलवायचं ते ठरवायला जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढल्या गेल्या. लीप वर्षाचा दिवस धरून 366 निळ्या कुप्या काचेच्या भांड्यात होत्या आणि पहिली निघाली 14 सप्टेंबरची. चिठ्ठी ‘ड्रॉ’ झाली आणि माणूस ‘ड्राफ्ट’ झाला. एका धातूची दोन रूपं इतकी थंडपणे शेजारी बसलेली मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

जहाजाबद्दल माझी एक फजिती सांगतो. उमेदवारीच्या दिवसांत एका मालवाहतुकीच्या कागदपत्राचं भाषांतर करताना ‘हे जहाज सहा मीटर ड्रॉ करतं’ अशा अर्थाचं वाक्य आलं. मी लिहून मोकळा झालो: ‘हे जहाज सहा मीटर अंतर ओढू शकते.’ तपासणाऱ्या गृहस्थांनी सगळं आयुष्य समुद्रावर काढलं होतं. त्यांनी कागद परत दिला आणि एवढंच म्हणाले, ‘अहो, हे जहाज आहे, बैलगाडी नाही.’ अर्थ असा की जहाजाचा सहा मीटर भाग पाण्याखाली असतो, म्हणजे तरंगायला किमान तेवढं पाणी लागतं. तेव्हापासून ‘ड्रॉ’ दिसला की मी आधी विचारतो: कोण ओढतंय आणि काय?

हाच प्रश्न ‘ड्रॉइंग रूम’ला विचारला की उत्तर मिळतं. तिथे माणसंच स्वतःला मागे ओढून घेतात. मूळ नाव ‘विथड्रॉइंग रूम’. यातलं ‘विथ’ म्हणजे ‘सोबत’ नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘विरुद्ध’, ‘दूर’ असा होता आणि तो ‘विथस्टँड’, ‘विथहोल्ड’ या शब्दांत अजून जिवंत आहे. मोठ्या घरांत मुख्य दालनातून किंवा जेवणाच्या टेबलावरून उठून निवांत बसायला जी आतली खोली असे, ती ‘विथड्रॉइंग रूम’. सतराव्या शतकात पुढचा तुकडा गळला. बँकेतलं ‘विथड्रॉ’ तेच: पैसे मागे ओढून घेणं. थोडक्यात, बँकेची स्लिप आणि दिवाणखाना हे शब्दापुरते नातेवाईक आहेत. ‘ड्रॉइंग पिन’ मात्र खरोखर चित्रांचीच. कागद फळ्यावर टोचून ठेवायची पिन.

टेबलाचा खण, ज्याला आपण ‘ड्रॉवर’ म्हणतो, तो ओढून उघडायचा म्हणून त्या नावाचा. इंग्रज तो ‘व’ उच्चारत नाहीत, ‘ड्रॉर’ असं एका झटक्यात म्हणतात. अनेकवचन ‘ड्रॉर्स’ म्हणजे जुन्या काळची चड्डीसुद्धा, कारण ती पायातून वर ओढायची. आणि धनादेशावर सही करणाराही ‘ड्रॉ-अर’, इथे दोन अक्षरं सुटी ऐकू येतात. स्पेलिंग तिघांचंही तेच. कायदेशीर कागदात ‘ड्रॉअर’ म्हणजे खण समजू नये, एवढी काळजी घेतली की पुरे.

सामन्याचा ‘ड्रॉ’ जरा अवघड आहे. इथे कोण काय ओढतं ते पटकन दिसत नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘ड्रॉन मॅच’ असा प्रयोग मिळतो आणि अनिर्णित लढाईलाही ‘ड्रॉन बॅटल’ म्हणत. बऱ्याच अभ्यासकांच्या मते हाही ‘विथड्रॉ’चाच तुटका तुकडा आहे: दोन्ही बाजूंनी आपापली माणसं मागे घेतली, कोणी जिंकलं नाही. पक्का पुरावा नाही, पण मला हे पटतं, कारण क्रिकेटचा ‘ड्रॉ’ तंतोतंत असाच असतो. वेळ संपली, निकाल नाही, दोघेही मागे फिरले. म्हणून क्रिकेटमध्ये ‘ड्रॉ’ आणि ‘टाय’ या दोन वेगळ्या गोष्टी. ‘टाय’ म्हणजे सगळे डाव संपून धावा सारख्या. कसोटीच्या इतिहासात असं दोनदाच झालं: 1960 मध्ये ब्रिस्बेनला आणि 1986 मध्ये मद्रासला. मराठीत ‘ड्रॉ’ला ‘अनिर्णित’ आणि ‘टाय’ला ‘बरोबरी’ म्हटलं की गोंधळ मिटतो. पण फुटबॉलमध्ये ‘ड्रॉ’ म्हणजेच बरोबरी. (खेळ थांबला की पंच ‘ड्रॉ स्टम्प्स’ करतात, त्याचा निकालाशी संबंध नाही. यष्ट्या जमिनीतून ओढून काढतात, बस.)

टेनिसमधला ‘ड्रॉ’ आणखी तिसराच. तिथे सामना बरोबरीत सुटूच शकत नाही. स्पर्धेआधी कोण कोणाशी खेळणार हे चिठ्ठ्या काढून ठरवतात, तो ‘ड्रॉ’. त्याला मराठीत ‘बरोबरी’ लिहिलेलं मी छापलेलं पाहिलं आहे. चिठ्ठ्यांच्या या ‘ड्रॉ’साठी आपल्याकडे ‘सोडत’ हा सुंदर शब्द आहे. इंग्रज ओढतात, आपण सोडतो, आणि वर ‘सोडत काढली’ असंही म्हणतो! जुन्या लॉटऱ्यांत काही चिठ्ठ्या कोऱ्या असत. कोरी हाती आली की ‘ड्रॉ अ ब्लँक’. आता त्याचा अर्थ काहीच न आठवणं किंवा शोध निष्फळ ठरणं असा होतो.

कोणी चाणाक्ष मुलगा विचारेल: ओढण्याचा शब्द ‘ड्रॉ’ होता, तर दारावर ‘पुल’ का लिहितात? ‘पुल’चा मूळ अर्थ ओढणे नव्हताच. जुन्या इंग्रजीतलं ‘पुलियान’ म्हणजे उपटणे, पिसं किंवा लोकर उपटणे. चौदाव्या शतकाच्या सुमारास ते साध्या ओढण्यासाठी वापरलं जाऊ लागलं आणि हळूहळू त्याने ‘ड्रॉ’ची रोजची जागा बळकावली. ‘ड्रॉ’कडे उरल्या ठरावीक जागा: पडदा, धनुष्य, तलवार, श्वास, गर्दी, लक्ष. सगळीकडे पसरलेला राजा काही किल्ल्यांपुरता उरावा तसं. म्हणूनच आजच्या इंग्रजीत दोरी ‘ड्रॉ’ करणं जुनाट वाटतं, पण गर्दी ‘ड्रॉ’ करणं ताजं. आपणही गर्दी ‘खेचतो’च.

जुन्या अर्थाचे अवशेष कधी भीषण असतात. इंग्लंडमध्ये राजद्रोहाची शिक्षा होती ‘हँग्ड, ड्रॉन अँड क्वार्टर्ड’. इथे ‘ड्रॉन’ म्हणजे फासापर्यंत फरफटत नेलेला, असं काही म्हणतात, आतडी ओढून काढलेला, असं दुसरे म्हणतात. दोन्हीत ओढणंच आहे. 1870 मध्ये ही शिक्षा कायद्यातून गेली. ‘रेखाटलेला’ असं भाषांतर मात्र कोणी करू नये.

लॅटिनचा एक धागा राहिला. लॅटिन ‘त्राहेरे’ म्हणजेही ओढणे. ध्वनी जवळचे वाटतात, पण नियमाने पाहिलं तर लॅटिन ‘त’च्या जागी इंग्रजीत ‘थ’ यायला हवा, ‘ड’ नाही. म्हणून दोघांना सख्खे म्हणता येत नाही. तरी ‘त्राहेरे’ची मुलं इंग्रजीत मुबलक आहेत: ‘ट्रॅक्टर’, ‘अट्रॅक्ट’, ‘एक्स्ट्रॅक्ट’, ‘सबट्रॅक्ट’. ‘ट्रेन’सुद्धा, जो आधी झग्याचा मागे फरफटणारा घोळ होता, मग रांग, मग आगगाडी. ‘पोर्ट्रेट’ही त्यातलाच, म्हणजे चित्राला ओढण्याशी जोडणारी ही तिसरी भाषा. आता संस्कृत ‘कृष्’ बघा, ओढणे किंवा नांगरणे. त्यातून कृषी. ‘आ’ लावून आकर्षण, लॅटिनमध्ये ‘अद’ लावून ‘अट्रॅक्ट’. ‘निस्’ लावून निष्कर्ष, बाहेर ओढून काढलेलं. ‘ड्रॉ अ कन्क्लूजन’ला निष्कर्ष काढणे म्हणताना आपण एकाच वाक्यात दोनदा ओढत असतो.

‘ड्रॉ नियर’ म्हणजे जवळ येणं, यात कर्म हरवलेलं आहे: स्वतःलाच ओढत पुढे सरकणं. हा जुना प्रयोग आहे आणि तो तसाच पाठ करायला सांगा. ‘ड्रॉन फेस’ला शब्दकोश उघडू नका, ‘चेहरा ओढलेला दिसतोय’ हेच आपलं वाक्य. आणि चहा ‘ड्रॉ’ होतोय असं वाचलंत तर तो मुरतोय, पाणी पत्तीतून रंग आणि चव ओढून घेतंय.

राहिले पडदे. ‘ड्रू द कर्टन्स’मध्ये पडदा फक्त ओढला आहे, कुठल्या बाजूला ते क्रियापद सांगत नाही. बहुतेक वेळा अर्थ ‘लावले’ असतो, पण भरवसा नाही. नेमकं सांगायचं असेल तर इंग्रजी लेखक ‘ड्रू बॅक’ किंवा ‘ड्रू टुगेदर’ लिहितो. तसं नसेल तर मी पुढचं वाक्य वाचतो. तिने दिवा लावला असेल तर पडदे मिटले, उजेडाने डोळे मिचकावले असतील तर उघडले. आणि पुढच्या वाक्यातही काही नसेल, तर मी निमूटपणे ‘तिने पडदे ओढले’ असं लिहितो. आपल्या ‘ओढले’लाही ते कुठल्या बाजूला हे सांगावं लागत नाही.